गव्हाचा तिसरा पूर्वज, ज्याला कुणी कधी पेरलंच नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपासून तुम्ही खपली लावता. विकणारे सांगतात की खपली हा मूळ गहू आणि लोकवन वगैरे सगळे 'संकरित'. त्यातच तुमच्या वाचनात आलं की पोळीच्या गव्हात एका रानगवताचा अंश आहे. ते गवत कोणतं, दिसतं कसं, आपल्याकडे लावून बघता येईल का, आणि गव्हात ग्लूटेन, म्हणजे कणकेला चिकटपणा देणारं प्रथिन, त्याच्यामुळे आलं हे खरं का?

माझी बरीच वर्षं गव्हाच्या पैदाशीच्या कामात गेली. हे गवत मी कुंडीत वाढवलंय, त्याचे परागकण चिमट्याने उचलून गव्हावर टाकलेत, आणि त्याच्यापायी एक अख्खा रब्बी हंगाम वायाही घालवलाय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

गवताचं शास्त्रीय नाव एजिलॉप्स टाउशी. मराठीत त्याला नाव नाही, आणि असायचं कारणही नाही, कारण ते आपल्याकडचं नाही. एजिलॉप्स या शब्दाच्या मुळाशी शेळीसाठीचा ग्रीक शब्द आहे, म्हणून इंग्रजीत या सगळ्या कुळीला शेळीगवत म्हणतात. टाउशी हे प्रागमधल्या टाउश नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून. जुन्या पुस्तकांत हेच गवत 'एजिलॉप्स स्क्वारोसा' म्हणून भेटेल. ते नाव लिनियसने दुसऱ्याच जातीला दिलेलं होतं, पुढच्यांनी चुकून याला चिकटवलं आणि ते शंभरेक वर्षं चालत राहिलं. जुना शोधनिबंध हाती आला तर गोंधळू नका, गवत एकच.

आधी 'संकरित'चा गुंता सोडवू. शेतकरी संकरित म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर दरवर्षी नवं बियाणं घ्यावं लागणारा मका किंवा कापूस असतो. लोकवन तसा नाही. तो गुजरातेतल्या सणोसराच्या लोकभारती संस्थेत निवडलेला सरळ वाण आहे, घरचं बी वर्षानुवर्षं धरता येतं. पण गहू ही जातच मुळात संकरातून जन्मली हे मात्र खरं, आणि त्या अर्थाने तुमची खपलीसुद्धा संकरितच आहे. खपलीत 28 गुणसूत्रं असतात. त्यातली 14 एका रानटी गव्हाकडून आली, त्याचं नाव ट्रिटिकम उरार्टू. उरलेली 14 एजिलॉप्स स्पेल्टॉइडिसच्या जवळच्या कुठल्यातरी गवताकडून. हा पहिला संकर माणसाने शेती सुरू करण्याच्या कितीतरी आधी, रानातच झाला. वनस्पतिशास्त्रात पहिल्या संचाला ए आणि दुसऱ्याला बी म्हणतात. खपली, रव्याचा बन्सी, शेवयांचा बक्षी हे सगळे एबी.

लोकवन, शरबती, आपला रोजच्या पोळीचा कुठलाही गहू घ्या, त्यात 42 गुणसूत्रं असतात. जास्तीची 14 म्हणजे डी संच, आणि तो टाउशीकडून आला. हे घडलं आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य काठाच्या परिसरात, म्हणजे आजच्या उत्तर इराणच्या बाजूला. खपलीच्या जातीचा गहू पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांबरोबर सरकत तिथे पोचला, आणि तिथल्या बांधावर हे गवत आधीपासून होतं. एबीवर डीचे पराग पडले. 42 गुणसूत्रांचा गहू जगात कुठेही रानटी सापडत नाही. तो फक्त शेतातच जन्मला आणि शेतातच टिकला.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी. उरार्टूचे भाऊबंद माणसाने वेचून खाल्ले, पेरले. टाउशीला कुणी धान्य म्हणून पेरल्याचा पुरावा नाही. ते तण होतं. आपल्याकडे गव्हात रानओट किंवा चिमणचारा येतो तसं ते शेतात यायचं, आणि बाई खुरपायला बसली की उपटून बांधावर टाकायची. जे हाती लागलं नाही त्यातल्या एखाद्याचा पराग शेजारच्या ओंबीवर पडला.

आता ते दिसतं कसं ते सांगतो. एक वर्षायू गवत, थंडीच्या तोंडावर उगवतं, वसंतात फुलतं, उन्हाळ्याआधी वाळून संपतं. उंची वीतभर ते दोन वीत, फार तर थोडी जास्त. बुडापासून भरपूर फुटवे. खोडं आधी जमिनीलगत आडवी जातात आणि मग पेराशी गुडघ्यासारखी वाकून उभी राहतात. कोवळेपणी गव्हापासून वेगळं ओळखणं अवघड असतं. पानाच्या कडेची आणि खोडाला मिठी मारणाऱ्या कर्णिकांवरची लव बघायची, बुडाशी जांभळट झाक आहे का बघायचं, तरी माझे नव्याने आलेले विद्यार्थी हमखास फसायचे. पण ओंबी आली की चूक होत नाही.

गव्हाची ओंबी भरघोस, चौकोनी. याची ओंबी म्हणजे पेन्सिलीहून बारीक, चार ते दहा सेंटिमीटर लांब नळी. तिच्यावर एकावर एक ठेवलेल्या छोट्या पिंपांसारख्या पाच ते तेरा कणिशिका, म्हणजे तुसांत गुंडाळलेले दाण्यांचे छोटे पुंजके. एक कणिशिका तळहातावर घेऊन भिंगाखाली बघा. बाहेरच्या दोन तुसांचं टोक सुरीने सरळ छाटल्यासारखं सपाट असतं, ना दात, ना कुसळ. तुसाची पाठ गोलसर. गव्हाच्या तुसाला मधोमध होडीच्या तळासारखी धार असते, ती याला नाही. ट्रिटिकम आणि एजिलॉप्स या दोन प्रजाती वेगळ्या करताना आम्ही ही धार बघतो. अर्थात हे सगळे गहूच आहेत, दोन प्रजाती कशाला, असं मानणारे वनस्पतिशास्त्रज्ञही आहेत आणि त्यांच्या लेखी याचं नाव ट्रिटिकम टाउशी. मला तो वाद फारसा रंगत नाही. कुसळं येतात ती आतल्या तुसांना, एक ते चार सेंटिमीटरची, आणि ओंबीच्या टोकाकडे ती जास्त लांब होतात.

ओंबी पिकली की खरी गंमत. गव्हाच्या ओंबीचा मधला दांडा चिवट असतो, म्हणून आपण कापणी करून, पेंढ्या बांधून, खळ्यावर आणून मळणी करू शकतो. टाउशीचा दांडा प्रत्येक गाठीशी तुटतो. पिवळी पडलेली ओंबी दोन बोटांत धरून हलकेच वाकवली की तुकडे ओघळतात. ते तुटतातही विशिष्ट जागी: दांड्याचा वरचा तुकडा कणिशिकेच्या पाठीला चिकटून राहतो, म्हणून पडलेला तुकडा लहानशा पिंपासारखा दिसतो. खपलीच्या रानटी पूर्वजात नेमकं उलटं होतं. तिथे खालचा तुकडा चिकटून राहतो आणि पडलेली कणिशिका बाणाच्या टोकासारखी दिसते, ती मातीत रुततेही तशीच. म्हणजे हा बाण आणि तो पिंप. जमिनीवर पडलेल्या चार तुकड्यांवरून कुठलं गवत होतं ते सांगता येतं.

त्या पिंपात दोन-तीन दाणे असतात, जिऱ्याहून थोडे जाड, आणि आतल्या तुसांना असे चिकटलेले की नखाने सोलताना दाणा फुटतो. तुसं चामड्यासारखी जाड. हा तुसाचा चिवटपणा ज्या जनुकामुळे येतो ते डी संचाच्या दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. आज लोकवन मळणी यंत्रातून नागडा दाणा होऊन बाहेर पडतो तो त्या जनुकात पुढे बदल झाला म्हणून, आणि पाचव्या ए गुणसूत्रावरच्या आणखी एका बदलामुळे. याचा अर्थ पहिला पोळीचा गहू बहुधा तुमच्या खपलीसारखाच तुसासकट पडत असावा आणि उखळात कांडावा लागत असावा.

हे सगळं कळलं कसं, ते सांगायला हवं कारण ती हकिगत मोठी सुरेख आहे. 1944 साल, महायुद्ध ऐन भरात. जपानमध्ये हितोशी किहारा यांनी गुणसूत्रांच्या अभ्यासावरून आणि गवतांच्या ओंब्यांची लक्षणं ताडून डी संच याच गवताचा आहे असा निष्कर्ष काढला. त्याच सुमाराला अमेरिकेत मॅकफॅडन आणि सीयर्स यांनी खपलीच्या रानटी भावंडाचा टाउशीशी संकर करून 42 गुणसूत्रांचं झाड उभं केलं. ते दिसायला जुन्या तुसाळ गव्हासारखं होतं आणि पोळीच्या गव्हाशी त्याचा संकर सुपीक निघाला. दोन शत्रुराष्ट्रांतल्या प्रयोगशाळा, एकमेकांचा पत्ता नाही, आणि उत्तर एकच. किहारा पुढे 1955 मध्ये क्योटो विद्यापीठाची मोहीम घेऊन काराकोरम आणि हिंदुकुशाकडे गेले आणि हे गवत गोळा करून आले. त्या वेळी आणलेल्या बियांचा वापर अजून होतो.

निसर्गात हा संकर जमला कसा, हे प्रयोगशाळेत करून बघितलं की नीट उमजतं. खपली किंवा बन्सीची ओंबी पोटरीतून नुकतीच बाहेर आलेली घ्यायची. मधली बारीक फुलं चिमट्याने काढून टाकायची, राहिलेल्या प्रत्येक फुलातले तीन परागकोश हिरवे असतानाच उचलायचे. पिवळे झाले की उशीर झाला. ओंबीला बटरपेपरची पिशवी घालायची. दोन-तीन दिवसांनी, सकाळी ऊन तापायच्या आत, टाउशीचे पिकलेले परागकोश आणून त्या पिसासारख्या किंजल्कावर झटकायचे. दाणा धरतो, पण आत गर भरत नाही. पंधरा दिवसांत तो सुकायला लागतो. म्हणून साधारण त्याच सुमाराला दाणा फोडून आतला अंकुर, टाचणीच्या डोक्याएवढा, निर्जंतुक करून काचेच्या नळीतल्या पोषक जेलीवर ठेवतात. हात थरथरला की महिन्याची मेहनत गेली.

वाढलेलं रोप 21 गुणसूत्रांचं असतं: चौदा आईची, सात बापाची. रोप चांगलं तरारून येतं, ओंब्याही येतात, पण परागकोश बारीक, सुरकुतलेले, फुटतच नाहीत. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर परागकण रिकाम्या फुग्यांसारखे चपटे दिसतात. कारण साधं आहे. बीजपेशी तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार लागतो, इथे कुणालाच जोडीदार नाही. मग 21 गुणसूत्रं वाटेल तशी विखुरतात. आम्ही कोल्चिसीन वापरून गुणसूत्रं दुप्पट करून घेतो. पण काही बन्सी वाणांच्या संकरात असं होतं की विभाजनाचा पहिला टप्पा फसतो आणि सगळीच्या सगळी 21 एका पेशीत राहतात. अशा दोन पेशी भेटल्या की 42. कोल्चिसीनशिवाय, आपोआप, त्या वांझ दिसणाऱ्या ओंबीत चार दाणे सापडतात. ओंबी चुरडून तळहातावर फुंकर मारावी आणि तूस उडून गेल्यावर दोन दाणे उरावेत, तो क्षण मी अनुभवलाय. कॅस्पियनच्या काठावर हेच झालं असणार.

पण हे फार वेळा झालं नाही. अडचण नेमकी इथेच आहे. थोड्याच झाडांवरून सगळ्या जगाचा पोळीचा गहू आला, त्यामुळे त्याच्या डी संचात विविधता फारच कमी आहे. ए आणि बी मध्ये पुढे खपली-बन्सीकडून भर पडत राहिली, कारण त्यांच्याशी संकर तुलनेने सोपा. डी मात्र तसाच अरुंद राहिला. उलट टाउशी स्वतः तुर्कस्तानपासून कॉकेशस, इराण, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, ताजिकिस्तान करत चीनच्या इली खोऱ्यापर्यंत पसरलेलं. समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या दमट कॅस्पियन किनाऱ्यावर ते आहे आणि मध्य आशियाच्या कोरड्या थंड डोंगरांवरही आहे. आपल्या उपखंडात त्याची पूर्वेकडची हद्द काश्मीरकडे येऊन टेकते. या पसाऱ्यातला अगदी छोटा तुकडा गव्हाच्या वाट्याला आला.

अलीकडच्या जनुकवाचनाने चित्र अजून बारीक झालंय. टाउशीच्या मुख्य दोन वंशरेषा: पूर्वेकडे लांबवर पसरलेली पहिली, आणि कॅस्पियन-कॉकेशस भागातली दुसरी. गव्हाचा डी जवळपास सगळा दुसरीचा. शिवाय जॉर्जियात सापडणारी एक छोटी तिसरी रेषा आहे. 2022 मध्ये 242 नमुन्यांचं जनुकवाचन प्रसिद्ध झालं, त्यात दिसलं की या तिसरीचा वाटा गव्हाच्या डी संचात सुमारे एक टक्का आहे. एक टक्का म्हणजे किरकोळ वाटेल. पण पाव-ब्रेडला ज्या ग्लूटेनच्या जोडीमुळे सर्वांत चांगला ताण येतो, जिला आमच्यात '5+10' म्हणतात, ती जोडी याच जॉर्जियन रेषेतली आहे. म्हणजे डी एकदाच आला नाही. आधी मोठा लोट आला आणि नंतर कधीतरी बांधावरून थोडी गळती होत राहिली.

इथून तुमच्या ग्लूटेनच्या प्रश्नाकडे येतो. ग्लूटेन टाउशीमुळे 'आलं' हे चूक. ए आणि बी संचातही ग्लूटेनची प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत, म्हणून खपलीत ग्लूटेन आहे आणि भरपूर आहे. टाउशीने आणलं ते लवचीकपण. डी संचाच्या पहिल्या गुणसूत्रावरची मोठ्या रेणूंची ग्लूटेनिनं कणकेला ओढून परत यायची ताकद देतात. तुम्ही खपलीची कणीक मळलीच असेल. ती मऊ होते, पसरते, पण ताणली की परत जागेवर येत नाही, लाटताना कडा चिरतात. लोकवनची कणीक अर्धा तास झाकून ठेवली की बोट दाबल्यावर उसळी घेते. ती उसळी त्या तणाची. खपलीची खीर, लापशी उत्तम होते कारण तिथे उसळी नकोच असते.

आता सिलिअ‍ॅकबद्दल, म्हणजे ग्लूटेन खाल्लं की आतड्याला इजा होते त्या आजाराबद्दल, कारण खपली 'ग्लूटेन-फ्री' म्हणून विकणारे भेटतात आणि मला त्याचा संताप येतो. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला सर्वांत जास्त त्रास देणारा प्रथिनाचा एक तुकडा आहे, 33 अमिनो आम्लांचा. तो बहुतांशी डी संचाच्या सहाव्या गुणसूत्रावरून येतो. खपली-बन्सीत तो आढळत नाही, हे खरं. या अर्ध्या सत्यावर सगळी जाहिरात उभी आहे. पण त्रास देणारे इतर तुकडे ए आणि बी मधून येतातच. ज्याला सिलिअ‍ॅक आहे त्याने खपलीला हात लावू नये. ज्याला नाही त्याने चवीसाठी खुशाल खावी.

डी संचाने दिलेली दुसरी गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरात रोज दिसते. डीच्या पाचव्या गुणसूत्रावर प्युरोइंडोलिन नावाची दोन प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत. त्यांच्यामुळे दाण्यातला पिठाचा कण आणि प्रथिनाचं जाळं एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत, दाणा मऊ राहतो आणि जात्यात त्याचं बारीक पीठ पडतं. बन्सीत डी नाही, म्हणून प्युरोइंडोलिन नाही, म्हणून दाणा काचेसारखा कडक आणि दळला की कणीदार रवा. शेवयांना बन्सीच हवा असा आजीचा आग्रह असायचा, त्यामागे हे आहे. पोळीच्या गव्हातही काही वाण कडक असतात, कारण त्या जनुकांत पुढे बिघाड झाले, पण बन्सीइतके कडक नाहीत.

तिसरी गोष्ट चोपण, खारवट जमीन असलेल्यांसाठी. नीरेच्या, सांगलीच्या कालव्याखालच्या भागात हा प्रश्न ठाऊक आहे. पोळीचा गहू पानात सोडियम कमी चढू देतो, बन्सी जास्त चढू देतो. हा फरक डीच्या चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकामुळे आहे. खारवट तुकड्यात बन्सी पिवळा पडतो आणि शेजारी पोळीचा गहू तग धरतो, त्याचं एक कारण हे.

आणि जाता जाता, 'सोना मोती' किंवा पैगंबरी नावाने हल्ली विकला जाणारा गोल दाण्याचा गहू. तो प्राचीन आहे हे बरोबर, उपखंडाचा स्वतःचा आहे हेही बरोबर. पण त्याचा दाणा गोल करणारा बदल तिसऱ्या डी गुणसूत्रावर आहे. म्हणजे तो 42 गुणसूत्रांचाच गहू, टाउशीचा वारस. 'यात रानगवताची भेसळ नाही' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आता पैदासकार या गवताकडे परत का जातो ते. मुख्य कारण तांबेरा, गव्हावर पडणारा बुरशीचा रोग. 1998-99 मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याचा नवा प्रकार ओळखला गेला, यूजी-99. वर्षानुवर्षं भरवशाचं असलेलं एक प्रतिकारक जनुक त्याने निकामी केलं. त्या वेळी उपयोगी पडलेल्यांपैकी एक जनुक टाउशीतून आलेलं होतं, एसआर-33. ते कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं आधी गव्हात आणून ठेवलं होतं, आणि 2013 मध्ये त्याचा रेणूपातळीवर छडा लागला. पानावरच्या तांबेऱ्याविरुद्धची एलआर-21 सारखी जनुकंही इथलीच. इथे खपलीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन यांनी जे बारा गहू ठरवले, त्यातला एक सरळ 'खपली' याच नावाने नोंदलेला आहे, आणि एसआर-13, एसआर-14 ही प्रतिकारक जनुकं आपल्या खपलीतून बाहेर गेली. ऑस्ट्रेलियात तर खपलीपासून काढलेल्या एका वाणाचं नावच खपस्टाइन. परदेशी निबंधात 'खपली' शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला घरचं माणूस स्टेशनवर भेटल्यासारखं झालं होतं.

मेक्सिकोतल्या सिमिट या गहू-मका संशोधन संस्थेने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बन्सी जातीचे गहू आणि टाउशी यांचे हजाराहून जास्त कृत्रिम गहू तयार केले. त्यांचा वापर करून चीनच्या सिचुआनमध्ये 2003 साली 'चुआनमाई 42' नावाचं वाण आलं, ते उत्पादनात गाजलं. पण कृत्रिम गहू थेट शेतात लावण्याजोगा नसतो. उंच, उशिरा येणारा, आणि मळणीला असा चिवट की यंत्रातून अख्ख्या कणिशिका तशाच बाहेर पडतात. काही जोड्यांत तर रोप चार पानांचं झालं की पानं टोकाकडून वाळत जातात आणि मरतं. रोग नव्हे, आईबापांची जनुकं एकमेकांना मानवत नाहीत. म्हणून स्थानिक वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून हवं तेवढं ठेवायचं आणि बाकी गाळायचं. दहा वर्षं सहज जातात.

आपल्याकडे लावून बघता येईल का? माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरात गव्हाबरोबरच टाउशीच्या बिया लावल्या. उगवण झाली, फुटवे झाले, हरळीसारखी कुंडीभर पसरली. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, गहू पिवळा झाला, ही मात्र तशीच हिरवीगार बसून. मार्चअखेर उन्हाने करपून गेली, एक ओंबी नाही. चूक माझीच. या गवताच्या बहुतेक नमुन्यांना फुलण्याआधी दीर्घ थंडी लागते, आणि पुण्याची थंडी त्यांच्या हिशेबात थंडीच नाही. पुढच्या वर्षी बिया भिजवून, अंकुर दिसताच ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये चार अंशांवर सहा-सात आठवडे ठेवल्या, लावल्यावर रात्री दिवे लावून दिवस लांबवला, तेव्हा कुठे गव्हाच्या वेळेला ओंब्या आल्या. पिकायच्या आत प्रत्येक ओंबीला जाळीची पिशवी बांधावी लागली, नाहीतर दाणे मातीत.

तेव्हा तुमच्या शेतात ते आपणहून माजेल ही भीती नको. पण हौस म्हणून बाहेरून बी मागवायचंही मनात आणू नका. परदेशी बियाणं दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या परवानगीने, विलगीकरणातूनच यायला हवं, आणि त्यामागे कारण आहे. चीनमध्ये पिवळ्या नदीच्या खोऱ्यातल्या गव्हात टाउशी हे मोठं तण होऊन बसलंय. गव्हाचा इतका जवळचा नातेवाईक की गव्हाला न मारता त्याला मारणारी तणनाशकं मोजकीच, आणि कापणी यंत्राबरोबर ते एका शेतातून दुसऱ्यात जातं. अमेरिकेत त्याचा भाऊ एजिलॉप्स सिलिंड्रिका तसाच त्रास देतो. त्याच्यातही डी संच आहे, म्हणून तो गव्हाशी अधूनमधून संकर करतो. तिथे तणनाशक सहन करणारा गहू आणला तेव्हा तो गुण या तणात उतरण्याचा धोका लक्षात घेऊनच फेरपालटीचे नियम करावे लागले. आठ हजार वर्षांपूर्वी ज्या वाटेने जनुकं तणातून गव्हात आली, ती वाट उलट्या दिशेनेही चालू आहे.

खपली लावत राहा. फक्त बी धरताना एक करा: ओंब्या कापणीआधी शेतातच निवडा. खपलीत अधूनमधून लोकवनचं झाड घुसलेलं असतं. ते दिसायला भरघोस आणि चोळल्यावर दाणा मोकळा होणारं, त्यामुळे मोह होतो. ते उपटून टाका, नाहीतर तीन-चार वर्षांत खपलीच्या पोत्यात निम्मा लोकवन निघेल.